टॉवेलची खुंटी नसलेली मोरी

मित्रांनो, शेवटी मी वाचले. माझ्या तोंडावर दोन घरं उभी राहणार होती, ती राहिली नाहीत. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मलाही अजून काही माहीत नाही असं धरून मी पुढे सांगते, कारण आत्मवृत्त सांगणाऱ्याने पहिल्याच ओळीत सुखरूप असणं बरं दिसत नाही.

तर, मी एक जुनी मोरी आहे.

तुमच्या डोळ्यांपुढे लगेच बादली आली असेल, साबणाची वडी आली असेल. ती घरातली मोरी. तिचं-माझं नाव एक, घराणं वेगळं. मी रस्त्याखालची मोरी. रस्त्याच्या एका अंगाला चढ आहे, दुसऱ्या अंगाला तळं. चढावरून येणारं पाणी माझ्या पोटातून मुकाट तळ्यात जातं आणि वर रस्ता कोरडा राहतो. माझ्यात आजवर कोणीही पाय धुतलेले नाहीत. बेडूक धुतात, पण ते मी मोजत नाही.

मला एका गवंड्याने बांधलं. फार अबोल माणूस. दगड हातात घेऊन तो बराच वेळ त्याच्याकडे बघत बसायचा, जणू आधी दगडानेच काहीतरी बोलावं अशी त्याची अपेक्षा होती. कमानीचा शेवटचा दगड बसला आणि खालचा लाकडी सांगाडा काढायची वेळ आली, तेव्हा तो स्वतः माझ्या आत जाऊन बसला. "पडली तर माझ्यावर पडू दे," एवढंच म्हणाला आणि डबा उघडून जेवायला लागला. मी पडले नाही. माणूस इतक्या निवांतपणे जेवत असताना त्याच्या अंगावर पडणं मला बरं वाटलं नाही.

उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. रस्त्यावर उभे राहून त्यांनी विचारलं, "मोरी कुठे आहे?" कोणीतरी म्हणालं, "साहेब, आपण तिच्यावरच उभे आहात." पाहुण्यांनी आदराने एक पाय उचलला. मग दुसराही उचलायला गेले, तेव्हा अडचण त्यांच्या लक्षात आली.

मित्रांनो, ते माझ्या कौतुकाचे दिवस. पुढे लोक मला विसरले. पण चांगल्या मोरीचं लक्षणच असं, की ती आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. त्या हिशेबाने मी फारच चांगली निघाले. माझ्यात गाळ साचला, बाटल्या आल्या, एकदा सोफ्याची एक गादी आली आणि राहिलीच. तरीही माझं काम चालू होतं. एक बेकरीवाला तेवढा रोज सकाळी पाव भाजून झाले की माझ्या कठड्यावर येऊन बसायचा. रस्ता जिथे उतरत जातो तिथे त्याची बेकरी, रस्त्यापासून तीन पायऱ्या खाली. आत त्याच्या वडिलांनी विटा रचून बांधलेली भट्टी. तापलेल्या भट्टीला गार पाणी लागलं की ती तडकते, आणि तसली भट्टी बांधणारं आता कोणी उरलेलं नाही. त्याला वाटायचं, आपली बेकरी कोरडी राहते ती वडिलांच्या पुण्याईने. असेलही. पण थोडी माझ्यामुळे राहत होती.

अशात ठरलं, की रस्ता आणि तळं यांच्या मधल्या जागेत वसाहत करायची. तळ्याकडे तोंड असलेली टुमदार घरं. जागा विकणाऱ्या आजींनी नकाशा काढणाऱ्या तरुणाला फोनवर बजावलं, "बाळ, एका कोपऱ्यात मोरी आहे. तिला धक्का लावू नकोस. सगळं पाणी तिच्यातूनच जातं."

हा तरुण मनाने चांगला. आजींची माया बघून त्याला भरून आलं. तो जागेवर आला, मोरी शोधली, त्याला सापडली नाही. पडून गेली असणार, असं धरून त्याने नकाशात नवी काढली. निळ्या फरशा, एक नळ, पाण्याला जाळी, दारावर 'आजींची मोरी' अशी पाटी. खऱ्या मोरीच्या, म्हणजे माझ्या, तोंडावर त्याने अकरा आणि बारा नंबरची घरं ठेवली. आणि नकाशाखाली मोठ्या विश्वासाने लिहिलं, 'परिसरातील पावसाचे सर्व पाणी मोरीतून जाईल.'

यात खोटं काहीच नव्हतं. म्हणून तो नकाशा तीन टेबलांवरून मंजूर होत गेला. तीनही टेबलांवर मोरी म्हणजे काय ते ठाऊक होतं, आणि तिच्यातून पाणी जातं हेही ठाऊक होतं. चौथ्या टेबलावर बाई होत्या.

बाई म्हणजे नगररचना कार्यालयातल्या तपासणी अधिकारी. नकाशा काढणारा त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. पहिलाच मोठा नकाशा, आणि तो मावशीच्या टेबलावर. बाईंनी वरिष्ठांना आधीच कळवलं, की हा माझा भाचा आहे, दुसऱ्या कोणाला तरी द्या. वरिष्ठ म्हणाले, दुसरं कोणीच नाही, जागेवर जाऊन सगळ्यांसमोर तपासा म्हणजे झालं. म्हणून एका सकाळी बाई, भाचा आणि वसाहतीचे मालक असे तिघं माझ्या डोक्यावर येऊन उभे राहिले. बेकरीवाला आधीच कठड्यावर बसलेला होता. तो उठला नाही, पण सरकला.

"मावशी, मी आधी सांगतो..."

"मॅडम."

"आपण ऑफिसात नाही आहोत."

"मी जिथे उभी आहे तिथे ऑफिस. ही खुंटी कशाला?"

भाच्याने नकाशात पाहिलं. "टॉवेल अडकवायला."

"मोरीला?"

"हो. नळाजवळ. हात पुसायला."

मित्रांनो, तीन टेबलांनी शब्द वाचला होता. खुंटी एकट्या बाईंनी पाहिली.

"आणि या चढाचं पाणी?" बाईंनी विचारलं.

"मोरीतूनच. आजींनी सांगितलं होतं, सगळं तिच्यातूनच जातं."

"त्या वेळी आत कोणी अंघोळ करत असेल तर?"

भाच्याने प्रामाणिकपणे विचार केला. "त्याने थोडं बाजूला उभं राहायचं."

बेकरीवाल्याला ठसका लागला. मालकांनी पांढऱ्या बुटांवरची धूळ रुमालाने झटकली आणि म्हणाले, "मॅडम, जाळी लहान वाटत असेल तर मोठी बसवू. बाहेरून आणू."

बाईंनी चप्पल काढली, पदर खोचला आणि गवताला धरत धरत खाली उतरल्या. बाईंचे गुडघे चांगले नाहीत; उतरताना त्यांचा कटकट आवाज मला वरच्या गाड्यांपेक्षा स्पष्ट ऐकू आला. तरी त्या चिखलात दोन्ही गुडघे टेकून बसल्या, डोकं माझ्या आत घातलं आणि म्हणाल्या, "आहेस का गं?"

इतक्या वर्षांत मला असं कोणी विचारलं नव्हतं. माझी अडचण अशी, की मला स्वतःचं बोलता येत नाही, आलेलं तेवढं परत करता येतं. मी म्हणाले, "आहेस का गं." एका अधिकाऱ्याला 'गं' म्हणणं बरोबर नाही हे मला कळत होतं. माझा नाइलाज होता.

"आहे," बाई वर बघून म्हणाल्या. "दगड अजून जागचा हललेला नाही. ये बघायला."

भाचा उतरला, वाकला. आत बघून त्याचं तोंड उघडं राहिलं. "म्हणजे ही मोरी," तो हळूच म्हणाला, "ती मोरी नाही."

"तुझी घरं हिचं तळ्याकडचं तोंड बुजवणार. आता चढाकडचं बुजवून बघू, पाणी अडेल ते सारखंच," बाई म्हणाल्या. धूळ बसवायला मालकांनी पाण्याचा टँकर आणलेलाच होता. माझं तोंड झाकायला काहीतरी सपाट हवं होतं. बेकरीवाल्याने ताबडतोब आपले दोन मोठे ट्रे आणून दिले. मदत करायला मिळाली म्हणून तो खूश होता. ट्रे लावून टँकर सोडला, तेव्हा हात मागे बांधून तो पाण्याला प्रोत्साहन देत उभा होता. "या, या. आता बघा हं कुठे जातं."

पाणी ट्रेला धडकलं, रस्त्याकडेच्या चरात भरलं, रस्त्यावर आलं. तिथे जरा थांबलं. मग उताराला लागलं.

"हे कुठे चाललंय?" बेकरीवाला म्हणाला. मग त्याने उताराच्या टोकाला पाहिलं. "अहो, तिकडे मी राहतो."

तो पळाला. पाणीही पळालं. पहिली पायरी भिजली. आत भट्टी लाल तापलेली होती, दुपारच्या पावांसाठी. दुसरी पायरी भिजली. बाई ओरडल्या, "ट्रे काढा." टँकर बंद झाला, पण चरातलं पाणी अजून उतरतच होतं. भाच्याने ट्रे ओढले. पाण्याच्या रेट्याने ते इतके घट्ट बसले होते की हलेनात. तिकडे बेकरीवाला तिसऱ्या पायरीवर, उंबऱ्याला पाठ लावून, आडवाच बसला. एका माणसाच्या रुंदीने जेवढं पाणी अडतं तेवढं त्याने अडवलं. "लवकर करा हो," तो तिथून म्हणाला, "मी फार रुंद नाहीये."

मित्रांनो, मी बांध नाही, मी वाट आहे. त्या क्षणी मला तोंडच नव्हतं आणि मी काहीही करू शकत नव्हते. माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट काळ म्हणजे तो, सोफ्याची गादी धरून.

शेवटी मालक पांढऱ्या बुटांसकट चरात उतरले. भाचा आणि मालक दोघांनी मिळून ट्रे उपसले, आणि पाणी एकदम माझ्या आत आलं. मी ते घेतलं. गाळासकट, बाटल्यांसकट, सगळं घेतलं आणि तळ्यात नेऊन सोडलं. गादीही गेली. भट्टी कोरडी राहिली. बेकरीवाला बराच वेळ उठला नाही. उठला तेव्हा पायरीवर त्याच्या बैठकीचा कोरडा ठसा राहिला होता.

"एका टँकरने ही गत," बाई म्हणाल्या, "आणि पावसाळ्याला नळाची तोटी नसते. अकरा आणि बारा काढ. तळ्यापर्यंत मोकळी वाट ठेव."

भाच्याने कठड्यावर कागद पसरून दोन घरं खोडली. खुंटीही खोडली. रेघ सरळ आली. मालक ओले बूट हातात धरून बघत होते. "माझी दोन घरं गेली की हो."

"गेली नाहीत," बाई म्हणाल्या. "आलीच नव्हती."

मालकांनी बुटांतलं पाणी ओतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. नाहीतर लोक माझ्या नावाने बोंबलले असते, मोरीच्या नाही." त्यांच्या आवाजात कुरकुर नव्हती, हे मला आवडलं.

बेकरीवाला ताजे पाव घेऊन आला. पहिला त्याने बाईंना दिला आणि दुसरा माझ्या कठड्यावर ठेवला. तो भाच्याने खाल्ला. खाता खाता म्हणाला, "मावशी, पुढच्या वेळी मी आधी इथे येऊन बघीन."

आता बाईंनी त्याला मॅडम म्हणायला लावलं नाही. "बघच," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी मी नसेन. या महिन्याअखेर निवृत्त होतेय."

मित्रांनो, मग मला काळजी वाटू लागली. गाळ पुन्हा साचणार आहे, नवे नकाशे पुन्हा येणार आहेत, आणि चिखलात गुडघे टेकून आत डोकं घालणारं माणूस एकच होतं. तुम्ही जिथे राहता तिथेही रस्त्याखाली माझी एखादी बहीण असेल. कधीतरी खाली वाकून तिला बघा, तिच्यात काही टाकू नका. तुम्ही कराल असा माझा विश्वास आहे. पण विश्वासावर भागत नाही, म्हणून रीतसर अर्जही करत आहे.

प्रति, संबंधित सर्व अधिकारी. विषय: सेवानिवृत्ती रद्द करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, तपासणी अधिकारी बाई यांची सेवानिवृत्ती तहहयात पुढे ढकलण्यात यावी. ते शक्य नसल्यास त्यांच्या गुडघ्यांची सेवा स्वतंत्रपणे चालू ठेवण्यात यावी. तेही शक्य नसल्यास त्यांच्या जागी नेमण्यात येणाऱ्या अधिकाऱ्याची निवड, उमेदवारास चिखलात बसवून करण्यात यावी. निर्णय कळवताना कृपया कागद पाठवू नये, तो तळ्यात जातो. कोणीतरी समक्ष येऊन, आत डोके घालून सांगावे. उत्तर नकारार्थी असले तरी मी ते जसेच्या तसे परत करीन.