बाबांचा बंद सीपीयू

बाबा गेले त्याला महिना होत आला होता, तेव्हा थोरलीच्या लक्षात आलं की त्यांचा आवाज आपल्याला आठवत नाही. चेहरा डोळ्यांपुढे येत होता, खाकरण्याआधी ते मान कशी वाकडी करायचे तेही आठवत होतं. आवाज मात्र काही केल्या येईना. तो तर ते असतानाच गेला होता. घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं, आणि त्यानंतरची सगळी वर्षं बाबांनी टेबलावर बोटं वाजवून, कपावर चमचा आपटून आणि भुवया उडवून काढली. भांडायचे तेसुद्धा चमच्यानं, आणि आई त्या चमच्याला उलट उत्तरं द्यायची.

पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, डॉक्टरांनी सुचवलं म्हणून, त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं होतं आणि कॉम्प्युटरवर आपला आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता. पुढे तो त्यांनी कोणाला ऐकवला नाही आणि कोणी मागितलाही नाही. खपली काढायला कोण धजणार?

थोरलीला आता तो हवा होता. आधी आपण एकटीनं ऐकायचा, मग आईला सोसेल की नाही ते बघायचं. आई स्वयंपाकघरात आहे असं पाहून ती बाबांच्या खोलीत गेली आणि तिनं सीपीयूचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. यंत्र ढिम्म.

तिनं धाकट्या भावाला फोन लावला. साडेसहा फुटांचा झाला, परदेशात संसार थाटून बसला, तरी घरात तो बारक्याच होता.

"ताई, आधी प्लगमध्ये वीज येते का बघ."

"टेबललॅम्प लावून बघितला. लागतो."

"वायर?"

"मॉनिटरची काढून ह्याला लावली, ह्याची मॉनिटरला. मॉनिटरचा दिवा लागतोय. मी काय अगदीच ही नाही."

"बरं, रागावू नकोस. मागे एक काळं बटण असेल, ते चालू आहे?"

"आहे."

"वायर काढ आणि पुढचं बटण जरा वेळ दाबून धर. मग परत लाव."

तिनं सगळं केलं. काही फरक पडला नाही. फोन स्पीकरवर टाकून ती सीपीयूच्या मागे गुडघ्यांवर बसली. तिथली धूळ नाकात जाऊन शिंक आली.

"तिथंच एक छोटं लाल बटण असेल बघ. इकडून तिकडे सरकणारं. त्यावर आकडा काय दिसतोय?"

"दोनशे तीस."

"मग झालं की निदान! माझ्या जुन्या मशीनवर एकशे पंधरा आहे. बाबांनी पुसता पुसता सरकवलं असणार. स्क्रू-ड्रायव्हरनं ढकल."

एरवी थोरली बारक्याच्या सांगण्यावरून आमटीत मीठही घालत नसे. पण आज घाई झाली होती. तिनं बटण ढकललं, उठून भिंतीवरचा स्विच टाकला.

ठो!

मागच्या जाळीतून निळी ठिणगी उडाली, धूर आला, छताचा पंखा फिरायचा थांबला. जळक्या रबराचा उग्र वास खोलीभर झाला. थोरली भिंतीला पाठ लावून उभी राहिली. हात वर होता तो वरच राहिला.

"काय फुटलं गं?" आईनं आतून विचारलं.

"काही नाही. फ्यूज गेला."

"फ्यूज जाताना एवढा बोंबलत नाही."

फोनमधून बारक्यानं हळूच विचारलं, "ताई, आपल्याकडे भिंतीत किती व्होल्ट येतात?"

ज्याच्यासाठी हे चाललं होतं ते आपण आपल्याच हातानं जाळलं, एवढंच तिला कळत होतं.

"इथं एकशे दहाच्या आसपास येतात गं, तिकडे दोनशे तीस. माझ्या डोक्यातच आलं नाही. इतकी वर्षं झाली..."

"बारक्या, तू मला बाबांना दुसऱ्यांदा जाळायला..." ती थांबली. "असू दे. फोन ठेवू नकोस."

कोपऱ्यावरचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आपली बॅग घेऊन आला. खोलीत पाऊल टाकताच त्यानं नाक वर केलं.

"मॅडम, हा वास मी ओळखतो. लाल बटण कोणी सरकवलं?"

"मी," फोन म्हणाला.

"तुम्ही कुठं आहात, साहेब?"

"फार लांब."

"बरं आहात."

त्यानं पत्रा उघडला, पॉवर सप्लाय बाहेर काढून हुंगला आणि बाजूला ठेवला. "हा गेला. कामातून गेला." मग टॉर्च मारून आत डोकावला आणि दोन बोटांत एक बारीकशी वायर धरून वर केली. "आणि हे बघा. पुढच्या बटणाची पिन. निसटलीये. सीपीयू हलवला होता का कोणी?"

हलवला होता. बाबांना शेवटचं घरी आणलं तेव्हा भेटायला येणाऱ्यांना बसायला जागा हवी म्हणून तिनंच तो ओढत कोपऱ्यात नेला होता.

"म्हणजे एवढंच होतं?"

"एवढंच. खोचली असती की चालू."

बारक्यानं फोनमध्ये स्वतःला एक शिवी दिली.

"डिस्क वाचली असेल का?" तिनं विचारलं. विचारताना तिनं त्याच्याकडे बघितलं नाही.

"आत्ता सांगतो. खोकं जळलं म्हणून आतलंही जळलं असेलच असं नाही." त्यानं डिस्क सोडवली, आपल्या बॅगेतल्या डब्यात बसवली आणि आपल्या लॅपटॉपला जोडली. डबा गुरगुरू लागला. तिघंही ते ऐकत राहिले. पडद्यावर बाबांचे फोल्डर उमटले: वीजबिलं, लग्नाचे फोटो, आणि आवाज.

"हे हवंय ना? दाबा. मी बाहेर उभा राहतो, ह्या वासानं डोकं चढलंय," असं म्हणून तो गॅलरीत गेला.

तिनं दाबलं. आधी नुसती खरखर आली. मग मोठ्यानं, अगदी खोलीत उभं राहून बोलावं तसं:

"चालू झालं वाटतं. डॉक्टर म्हणाले, काहीही वाचा. पुस्तक घेऊन बसलो तर चष्मा बाहेर राहिला. आता दार उघडलं तर प्रश्न सुरू होतील..."

"अगं, त्याला म्हणावं ओरडू नकोस एवढा!" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि चष्मा कसला? बारक्याला चष्मा कधी लागला? मला बोलला नाही तो."

थोरली लॅपटॉपकडे बघत होती आणि कानात घुमत होतं ते सकाळपासून चाललेलं भांडण: वायर काढ, बटण ढकल, रागावू नकोस. तोच घोगरा सूर, वाक्याच्या शेवटी तसाच खाली बसणारा. महिनाभर जो आवाज शोधून सापडला नव्हता, त्याच्यावर ती सकाळपासून खेकसत होती.

"ताई," फोन म्हणाला, "हे मी... हे मी नाही बोलत ना?"



आई ओले हात पदराला पुसत दारात आली. तिनं टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. फोन गप्प होता आणि आवाज चालूच होता. मग तिनं लॅपटॉपकडे पाहिलं. पदर हातातून सुटला.

"...तर वाचत नाही, नुसतंच बोलतो. काय बोलायचं म्हणा..."

आईनं चौकट धरली. थोरली तिला सावरायला उठली, पण आईनं हातानंच तिला थोपवलं.

"मला ओळखू आलं नाही गं," ती म्हणाली. "एवढा संसार केला, आणि मला वाटलं बारक्याच आहे."

"आई," फोनमधून बारक्यानं हाक मारली.

आई दचकली. एकाच आवाजाच्या दोन तोंडांमध्ये ती क्षणभर उभी राहिली. मग खुर्ची ओढून लॅपटॉपपुढे बसली, जवळ, जवळजवळ कान लावून.

"बारक्या, तू जरा गप्प बस," ती म्हणाली. "दोघं एकदम बोलू नका. मला नुसतं ह्यांचं ऐकू दे."

बारक्या गप्प बसला. थोरलीनं फोन उचलून लॅपटॉपच्या जवळ सरकवला, म्हणजे त्यालाही नीट ऐकू जाईल, आणि सुरुवातीपासून लावलं.