दुखायचं थांबलं

सकाळी दहाच्या सुमारास चारुलताचं पोट दुखायचं थांबलं आणि मला घाम फुटला.

चारुलता माझी सून. जर्मनीत कार्ल्सरूहेच्या विद्यापीठात तिची पीएचडी संपत आली होती. येत्या शुक्रवारी तोंडी परीक्षा. या सकाळच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी अपेंडिक्सची शंका सांगून लगेच हॉस्पिटलात जायला सांगितलं होतं. परीक्षा बुडेल म्हणून ती घरी परतली. संध्याकाळी तिची चिनी मैत्रीण लिन चारुलताच्या हट्टापायी रेवाचिनीचा काढा घेऊन आली. लिनच्या मामाचं अपेंडिक्स ऑपरेशनशिवाय बरं झालं होतं.

"पण तो हॉस्पिटलात होता," लिन इंग्रजीत बजावत होती. "अँटिबायोटिक्स चालू होती, सर्जन सारखे पोट तपासत होते. काढा त्याच्या जोडीला. तू आधी हॉस्पिटलात जा."

चारुलताने काढ्यापुरतं ऐकलं. तिच्याकडे राहायला आलेला मी कोपऱ्यात पुस्तक धरून बसलो होतो. लिनचं ऐक म्हणावंसं वाटलं, आणि मी पान उलटलं.

आणि आता ती म्हणत होती, "बाबा, काढा लागू पडला! बटण बंद केल्यासारखं थांबलं."

"एकदम?"

"गेनाऊ! अगदी एकदम. असे काय बघताय? पेशंट मी आहे की तुम्ही?"

चाळीस वर्षं मी कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं: अपेंडिक्सचं दुखणं अचानक थांबलं, तर ते फुटलेलं असू शकतं. की ते मूतखड्याबद्दल होतं? पुस्तकाचा हिरवा पुठ्ठा आठवत होता, ओळ नीट आठवेना.

मुलाला, मयुरेशला, ड्रेस्डेनला फोन लावला.

"बाबा, ती बरं वाटतंय म्हणतेय ना? आईच्या ॲसिडिटीला हार्ट अटॅक ठरवून तुम्ही अख्खी सोसायटी गोळा केली होतीत. पुस्तक ठेवा बाजूला. मी मीटिंगमध्ये आहे."

सोसायटीचं ते खरंच होतं.

सुनेच्या पोटाला हात लावणं माझ्याच्याने होईना. दारातूनच म्हणालो, "चारू, जरा पोट दाबून बघ."

"अहो बाबा, झोपू द्या ना." तिने दाबलं. "पाटासारखं लागतंय. गॅस असेल."

तिचे ओठ पांढरे पडले होते.

मी हॉलमध्ये जाऊन ॲम्ब्युलन्सचा एकशेबारा नंबर फिरवला. बेकरीत पाव मागतानाही माझं जर्मन घशात अडकतं. कसाबसा पत्ता सांगितला, मग "ब्लिंडडार्म" म्हणालो. अपेंडिक्सला तिथे तेच म्हणतात. फार दुखतंय का, फोनवरच्या बाईंनी विचारलं.

"नाइन. श्मेर्त्सन वेक." नाही, दुखणं गेलं.

"आल्झो, गूट," बाई म्हणाल्या. म्हणजे चांगलंच झालं.

समोरच्याने चांगलं म्हटल्यावर नाही म्हणायची मला सवय नाही, मराठीतसुद्धा. माझा हात फोन खाली ठेवायला निघालाच होता.

"निश्त गूट!" मी ओरडलो. "चांगलं नाही! निश्त गूट! बाउख हार्ट!" पोट कडक.

आतून चारुलताचा बारीक आवाज आला, "बाबा, कोणावर ओरडताय?"

ॲम्ब्युलन्समध्ये मी तिच्या पायाशी बसलो. माझं चुकलेलं असू दे, मयुरेश हसू दे, एवढंच मनात घोळत होतं.

दुपारी सर्जन बाहेर आले. त्यांनी मूठ दाखवली आणि बोटं फाकवली. फुटलं होतं. पोट धुवून काढलं, म्हणाले. आता वाट बघायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डोळे उघडले.

"बाबा, खूप दुखतंय हो."

"दुखू दे, दुखू दे," मी म्हणालो, आणि मग लाज वाटून नर्सला बोलवायला उठलो.