विठूच्या डोक्यावरची पेटी

मैनाने शेणकाल्यात दोन्ही हात बुडवले आणि खळ्याच्या उरलेल्या कोपऱ्यावर हात फिरवायला ती वाकली, तेव्हा तिला बांधावरून येणारी पेटी दिसली. आधी नुसती पेटीच दिसली. हिरवी, पत्र्याची, उन्हात चकाकणारी. पेटीखालचा माणूस पिवळ्या पडलेल्या भातात गळ्यापर्यंत बुडालेला होता, त्यामुळे ती पेटी आपली आपणच लोंब्यांवरून तरंगत येत आहे असं वाटत होतं.

मघाशी मुंबई-पुणे रस्त्यावर एक लॉरी थांबून पुन्हा चालू झाल्याचा आवाज तिने ऐकला होता. त्याकडे तिने लक्ष दिलं नव्हतं.

भात जिथे संपत होतं तिथे माणूस पुरता दिसला. डावा पाय किंचित ओढत चालण्याची ती पद्धत सगळ्या लोधिवलीच्या ओळखीची होती. तो विठू होता. मैनाचा हात जमिनीवर होता तिथेच राहिला.

चौक गाव आणि लोधिवलीकडचे जे थोडे लोक बोटीवर खलाशी होते, त्यांनी मिळून मुंबईत डोंगरीला एक खोली घेतली होती. एक बोट धक्क्याला लागली की दुसऱ्या बोटीवर काम मिळेपर्यंत तिथे राहायचं. लॉजचं भाडं कुणाला परवडत नसे. खोलीत निजायला चटई मिळे, दोन वेळचा भात मिळे, आणि वरच्या माळ्यावर ज्याची त्याची पेटी असे. भात विठू शिजवी, खोलीही तोच राखी. बोटीवर जाताना माणूस पिशवी घेऊन जाई, पेटी माळ्यावरच ठेवी. पेटी माळ्यावर आहे म्हणजे माणूस परत येणार आहे. आणि जो परत येणार नसेल त्याची पेटी विठूने स्वतः डोक्यावर घेऊन त्याच्या दारात नेऊन ठेवायची, अशी त्या खोलीची रीत होती.

ती वेळ आजवर एकदाच आली होती, पोशा बोटीवर वारला तेव्हा. पोशाची बायको मंगळी हसत पुढे गेली होती, नवऱ्याने काहीतरी पाठवलं म्हणून. त्यानंतर विठूच्या डोक्यावर पेटी म्हणजे काय, हे या बाजूच्या पोरासोरांनाही सांगावं लागत नव्हतं.

विठू उंबराजवळ आला. तिथे वाट फुटत होती. डावीकडची वाट ओढा ओलांडून हिरूच्या घराकडे जाई आणि हिरूही बोटीवर होता.

"तिकडं," मैना म्हणाली. आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. मागच्याच बाजारात तिने आणि हिरूच्या बायकोने अर्धी अर्धी सुकट वाटून घेतली होती. ती बाई पिशवी तोंडाशी धरून कशी हसत होती ते तिला आत्ता स्पष्ट आठवलं. तरी तिचे ओठ पुन्हा हलले. "तिकडं जा. तिकडं."

विठू थांबला. दोन्ही हातांनी त्याने पेटी जराशी उचलली, डोक्यावरची चुंबळ सारखी केली आणि तो उजवीकडे वळला.

उजवीकडे एकच घर होतं. त्या घरातले दोन भाऊ बोटीवर होते. थोरला चांगो, अंबूबाईचा नवरा. धाकटा नामा, मैनाचा.

"कोण येतंय गं?" ओटीवर सुपात वाल निवडत बसलेल्या सासूने विचारलं. सोनुबाईला लांबचं दिसत नसे.

पाठीमागून पावलं वाजली. अंबूबाई विहिरीवरून डोक्यावर हंडा आणि कमरेला कळशी घेऊन आली होती आणि खळ्याच्या कडेला उभी राहिली होती.

"विठू हाय," अंबूबाई म्हणाली.

"कोण विठू? खोलीवरचा?" सोनुबाईच्या हातातलं सूप कलंडलं. वाल ओटीवरून खाली टपटपले. "रिकामा हाय ना? अगं, रिकाम्या हातानं हाय ना तो?"

दोघी सुना गप्प राहिल्या. सोनुबाई खांबाला धरून उठली आणि त्या गप्प राहण्यातूनच काय ते समजली.

"कुणाची?" ती म्हणाली. "माझी नजर पोचत नाय. सांगा गं कुणीतरी. कुणाची पेटी?"

दोन्ही पेट्या चौकाच्या एकाच कारागिराने केल्या होत्या. एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या. पण थोरल्याच्या पेटीचा कोपरा एका पावसाळ्यात गंजून गेला होता आणि त्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकलेला होता. त्या पत्र्यावर अर्धं लाल फूल होतं. विठू आता इतका जवळ आला होता की मैनाला ते फूल दिसलं.

ते दिसलं आणि तिच्या छातीत काहीतरी सुटं झालं. नामा आहे. नामा जिवंत आहे. हा आनंद इतका जोरात आणि इतका नागडा आला की तिला स्वतःची भीती वाटली. अंबूबाई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. आपल्या तोंडावर हे दिसेल म्हणून मैनाने मान खाली घातली.

"धाकल्यांची," अंबूबाई म्हणाली. फार भरभर म्हणाली. "धाकल्यांची हाय, आत्याबाय."

मैनाने वर पाहिलं. अंबूबाई पेटीकडे बघतच नव्हती. ती मैनाकडे बघत होती. डोक्यावरचा हंडा हलत होता आणि त्यातलं पाणी तिच्या कपाळावरून, कुंकवावरून खाली उतरत होतं, पण ते पुसायला तिने हात उचलला नाही.

ते ठिगळ अंबूबाईनेच मारून आणलं होतं. चांगो घरी होता तेव्हा, भर पावसात, पेटी चौकाच्या गॅरेजात नेऊन. परत आल्यावर तिने फुलावरचा चिखल पदराने पुसला होता. मैनाने ते पाहिलं होतं, आणि मैनाने पाहिलं हे अंबूबाईलाही माहीत होतं.

अक्का, ठिगळ बघा. एवढंच म्हणायचं होतं. मैनाने तोंड उघडलं आणि अंबूबाईच्या डोळ्यांतली ती विनवणी पाहून पुन्हा मिटलं. विठू इथे पोचेपर्यंत, आणखी थोडा वेळ. त्याहून जास्त ती काही मागत नव्हती.

"नामा रं!" सोनुबाईने टाहो फोडला. ओटीची पायरी चुकवत ती खाली आली आणि तिने मैनाला कवटाळलं. "माझं बारकं लेकरू! आता मी काय करू गं, पोरी, तुला कसं सांभाळू?"

मैना काठीसारखी उभी राहिली. शेणाने भरलेले हात तिने सासूच्या लुगड्यापासून दूर, दोन्ही बाजूंना धरले होते. सासूचं रडणं तिच्या खांद्यावरून, पाठीवरून वाहत होतं. जिवंत नवऱ्यासाठीचं रडणं असं अंगावर घेणं हा अपशकुन आहे असं तिला वाटलं, आणि तरी ती बोलली नाही. खळ्याच्या त्या कडेला अंबूबाईही हलली नाही.

विठूने पेटी खळ्याच्या काठावर उतरवली. पत्रा वाजला. तिघींपैकी कुणीच त्याच्याकडे पाहिलं नाही.

"पाणी द्या गं बायांनो," तो धापा टाकत म्हणाला. "मानेचा पार खुळखुळा झाला." मग त्याने म्हातारीकडे पाहिलं. "आये? काय झालं आयेला?"

"तू सांग मेल्या काय झालं ते!" सोनुबाई ओरडली. "कसा गेला माझा नामा?"

"नामा? कुठं गेला?"

"मला इचारतोस?"

"अगं, नामा बोटीवर हाय." विठूची नजर म्हातारीवरून मैनावर आली, मैनाच्या दोन बाजूंना धरलेल्या हातांवर आली, आणि मग आपणच आणून ठेवलेल्या पेटीवर आली. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. तो होता तिथेच, ओल्या शेणात, खाली बसला.

"आय शपथ," तो म्हणाला. "नाय गं बायांनो. नाय. दोगंबी खुशाल हायत. परवाच कंपनीच्या कचेरीत जाऊन इचारून आलो मी. दोगंबी."

मग तो घाईघाईने सांगत सुटला. बंदराजवळ खलाशांसाठी नवी इमारत झाली होती. थोडक्या पैशात खाट, डोक्यावर पंखा, ज्याला त्याला कुलपाचं कपाट. किनाऱ्यावर होते ते सगळे तिकडे राहायला गेले आणि डोंगरीची खोली सोडून दिली. राहिल्या त्या बोटीवर असलेल्यांच्या पेट्या. नव्या जागेत नसलेल्या माणसाची पेटी घेत नव्हते आणि घरमालक पंधरा दिवसांत उचला म्हणत होता.

"मंग सांगावा धाडायचा होतास, मुडद्या!"

"कुणाहाती धाडू? मीच येणार होतो."

"आणि ही अशी डोक्यावर घेऊन आलास? पोशाची आणलीस तशी? तुला काय वाटलंच नाय?"

विठूने मान खाली घातली. "ध्यानच नवतं, आये. तिथं आता खानावळ हाय त्यांना. माझ्या हातचा भात कोण खातंय? वाटभर डोक्यात तेच. रस्त्यापासनं माणसं बांधावर उभी राहून बघत होती, कुणी राम राम घालंना. मला वाटलं, माझी नोकरी गेली ते कळलं समद्यांना."

सोनुबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या घशातून एक चमत्कारिक आवाज आला. ती हसत होती की रडत होती ते तिलाही कळत नसावं.

"बस, बस तसाच शेणात," ती म्हणाली. "तुझी तीच जागा हाय. मेल्यानं माझा जीव घेतला! आता तुझ्या तोंडात साखर घालू का शेण घालू?"

"काय घालायचं ते घाल, आधी पाणी घाल."

डोळे पुसत, स्वतःशी बडबडत म्हातारी साखरेचा डबा शोधायला आत गेली. विठू उठून मागचं धोतर झटकू लागला.

"पण नामाचं काय काढलंत तुमी?" त्याने विचारलं. "ही तर थोरल्याची पेटी. हे काय, ठिगळ. तुमीच नाय का मारून आणलेलं, वैनी?"

अंबूबाईने कमरेची कळशी खाली ठेवली. मग डोक्यावरचा हंडा उतरवला. एवढा वेळ तो डोक्यावर होता हे तिला आत्ताच आठवलं असावं. कपाळाचं कुंकू ओघळून भुवईत गेलं होतं. तिने विठूला तांब्या भरून दिला आणि ती ओटीच्या पायरीवर जाऊन बसली.

मैना पन्हळीखालच्या डोणीत हात धूत राहिली. शेण केव्हाच निघून गेलं होतं.

चहा झाला. विठूने बशी फुंकत फुंकत तोच किस्सा दोनदा पुन्हा सांगितला आणि प्रत्येक वेळी म्हातारीने त्याला तीच शिवी दिली. आता जाता जाता हिरूच्या घरी आधी तोंडाने सांगून जा, असंही तिने बजावलं.

"सांगतो की. हिरूची आणि नामाची पेटी पुढल्या खेपेला आणतो. एका डोक्यावर किती घेणार?"

"आमची आणू नका," मैना म्हणाली. "तिथंच कुणाला देऊन टाका, विठूभाऊ."

"आणि आतली कापडं?"

"ती बी द्या."

"येडी झाली काय?" सोनुबाई म्हणाली. "चांगली कोट-इजार हाय त्याची. आता समद्यांना ठावं हाय, आता कसलं भ्यायचं?"

मैनाने मान हलवली. बांधावरची ती हिरवी पेटी, तिचं ते भातावरून तरंगत येणं. खरं काय ते कळूनही पुन्हा पाहायची तिची छाती नव्हती. हे कुणाला समजावून सांगावं हे तिला कळेना.

"कवा येशील तू?"

अंबूबाई बोलली होती. इतका वेळ ती बोलली नव्हती, त्यामुळे सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"चार-आठ दिसांत, वैनी."

"चौकाला उतर आणि थितंच थांब. इकडं येऊ नको. मी गाडी घेऊन येते."

"गाडी? एवढ्याशा पेटीला?"

"पेंढा घालीन वरनं." अंबूबाई पायरीवरच्या भेगेत नख घालून काहीतरी उकरत होती. "घरात येईस्तोवर कुणाला दिसायची नाय. हिरूची बी त्यातच घाल. ती बी मीच पोचवीन."

"अगं पण तू कशाला?" सोनुबाई म्हणाली. "चार कोस का हाय चौक? त्याला आणू दे की."

"असू दे, आत्याबाय."

म्हातारीला यातलं काही उमजलं नाही. ती विठूकडे वळून त्याला आता पुढे काय करणार म्हणून विचारू लागली. विठूही आपलं गाऱ्हाणं घेऊन बसला.

मैनाने त्याच्यापुढची रिकामी बशी उचलली. आत जाण्यासाठी तिला पायरीवरून जायचं होतं. अंबूबाई थोडी सरकली, पण तिने मान वर केली नाही. मैना तिच्यापाशी क्षणभर थांबली.

"तुमाला तो काळा बैल आवरत नाय, अक्का," ती हळू आवाजात म्हणाली. "गाडी मी जुंपून दीन."