माझे कान झिजले कसे

मित्रांनो, मी एक जुना, लाल मातीचा कुंभ आहे. तुमच्या घरच्या कुंभात पाणी असते. माझ्यात एका माणसाच्या अस्थी आहेत. घाबरू नका. चीनमधल्या फूजियानच्या पश्चिमेकडील डोंगरांत आम्हा लोकांची रीतच तशी. माणसाला आधी पुरतात. काही वर्षांनी अस्थी काढून, पुसून कुंभात बसवतात, पाय खाली आणि डोके वर. म्हणजे गाव सोडायची वेळ आली, तरी पूर्वज मागे राहत नाहीत.

माझा जन्म डोंगरापलीकडच्या भट्टीतला. माहेरची लाय घराण्यातली एक तरुण विधवा मला घेऊन गेली. तिने नवऱ्याच्या, म्हणजे झोंग गुआंगयुआनच्या अस्थी माझ्यात ठेवल्या. पुढे पुराने तिची शेते नेली. तिने कावड उचलली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तिचा लहान मुलगा. मी जड आणि तो हलका, म्हणून त्याच्या टोपलीत तिने बियाण्याचे भात भरले. माझ्या दोन्ही कानांतून, म्हणजे बाजूच्या कड्यांतून, दोर ओवलेला होता. चढावर मी डुलायचो आणि दोर कान घासत राहायचा. मुलगा रडला की ती दटावायची, "गप रे! बाबा बघ, कसे शहाण्यासारखे बसलेत!"

या खोऱ्यात तेव्हा फक्त बांबू होते. पहिला बांध तिने घातला, ते भात तिने पेरले. मुलाला मुले झाली, त्यांचे गाव झाले. मला उतारावरच्या थडग्यात बसवले. दर वसंतात कोंबडी आणि तांदळाची दारू यायची. मग बरीच वर्षे कोणीच आले नाही. माझ्या अंगावर मुंग्यांनी घर केले. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार वेगळीच आहे. जो येई तो मुलांना सांगे, "हे आपले मूळपुरुष. यांनी डोंगर ओलांडला, यांनी पहिला बांध घातला." मित्रांनो, मी साक्षीदार आहे. त्यांनी डोंगर बसून ओलांडला!

यंदा थडगे नव्याने बांधले. मला बाहेर काढले. अस्थींवर ऊन पडता कामा नये, म्हणून छत्री धरतात. ज्या हाताने ती उघडली, त्याच हाताने कुंभ आत जाईपर्यंत धरायची असते. हे काम सुइमेईकडे आले. ती या घराण्याची सून. नवरा गेल्यावर शेत, घर, दोन मुली सारे तिने एकटीने ओढले. दारावरची पाटी मात्र अजून नवऱ्याचीच.

घराण्याचे म्होरके देबिंगकाका थडग्यावरचा नवा कोरीव दगड मोठ्याने वाचू लागले. "आमचे मूळपुरुष गुआंगयुआन, डोंगर ओलांडून..."

"काका," सुइमेई म्हणाली, "या कुंभाचे कान बघा. दोराने किती झिजलेत."

"बांधला असेल कोणी कधी दोर. तू छत्री नीट धर."

"आणि माती? आपल्या खोऱ्यातली माती भाजली की पांढरट होते. हा लालभडक आहे. हे इथे वारले असते, तर डोंगरापलीकडच्या कुंभात कशाला बसले असते? यांना कावडीत घालून यांची बायकोच इथे आली असणार."

कोणीतरी खुदकन हसले. देबिंगकाका लाल झाले. "अगं, बाईने कावड आणली म्हणून काय ती मूळपुरुष होते?"

"नियम तुमचाच ना? ज्याचे पाय या जमिनीला आधी लागले, तो पहिला. यांचे पाय तर कुंभाच्या तळाशी दुमडलेले होते!"

आता सगळेच हसले. काकांनी घड्याळ पाहिले. शुभ वेळ सरत चालली होती. "आधी कुंभ आत जाऊ दे. मग बोलू."

"मग कोणी बोलत नाही, काका. हा दगड उलटवा. मागच्या बाजूला तिला पहिली कोरायची म्हणा, मगच माझी छत्री हलेल."

"मुहूर्त टळेल!"

"तिने यांना खांद्यावर वाहिलं. मला छत्रीसुद्धा जड होईल होय?"

ऊन चढले. पण सावली माझ्यावरून सरकली नाही. ती उभी होती आणि तिच्यामागे एकेक करून गावातल्या सगळ्या सुना येऊन उभ्या राहिल्या. शेवटी काकांनीच पाथरवटाला हाक मारली. "उलटव रे तो दगड."

तिचे स्वतःचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. दगडावर आता असे कोरले आहे: 'लाय घराण्यातली ती. डोंगर चालून आली. मूल, बियाणे आणि नवरा घेऊन आली.' त्याखाली, दुसऱ्या ओळीत, गुआंगयुआन. ते माझ्यात अजून शहाण्यासारखे बसले आहेत.

मित्रांनो, जुने भांडे अडगळीत टाकण्याआधी एकदा हातात घ्या. ते कुठे झिजले आहे, ते पाहा. आणि त्याने जे सांगितले ते कोणाला आवडले नाही, तरी छत्री खाली ठेवू नका.