हवालदाराचं डोकं

मामाचा कुत्रा हवालदार नावाला साजेसाच होता. दारावरून पोस्टमन गेला तरी पंचनामा केल्याशिवाय सोडत नसे. त्याच्या मेंदूत पू झाल्याचं कळलं तेव्हा मामाच्या तोंडचं पाणी पळालं. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की जनावरांच्या दवाखान्यात एमआरआय काढायला सख्खी भाची होती. औषध डॉक्टरीणबाई देत, पण फोटोत पुवाचा डाग किती उरला हे मोजायचं काम भाचीचं.

पहिल्या फोटोत डाग वाटाण्याएवढा होता. सहा आठवड्यांनी पाहिलं तर मसुरीएवढा! भाचीला राहवलं नाही. रिपोर्ट निघायच्या आधीच तिनं फोन लावला, "मामा, निम्म्याहून जास्त गेला!" तिच्या मापावर विसंबून डॉक्टरीणबाईंनीही औषध कमी केलं.

आणि महिन्याभरानं हवालदार घरातल्या घरात गोल फिरून भिंतींवर आपटायला लागला.

आज तिनं भूल दिलेल्या हवालदाराला टेबलावर पालथं निजवलं, हनुवटीखाली टॉवेलाची घडी सरकवली, आणि तिचा हात तिथंच थांबला. मागच्या वेळी घडी नव्हती. टॉवेल धुवायला गेले होते, बाहेर जनावरं ताटकळत होती, आणि ती म्हणाली होती, चालतंय. डोकं कललं, की फोटोतले मेंदूचे काप तिरके पडतात. डागाचा मोठा भाग दोन कापांमधल्या फटीत राहून गेला होता. डाग कमी झालाच नव्हता. नव्यांना हीच घडी ती घसा कोरडा होईपर्यंत शिकवायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आजचा डाग बोराएवढा होता. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून ठेवला. "आता माझ्या हातात काही नाही," त्या म्हणाल्या.

मामा बाहेर गळपट्टा मांडीवर घेऊन बसला होता. तिचा चेहरा पाहून तोच तिची समजूत घालायला लागला. "तू जिवाचं रान केलंस गं. त्याचं आयुष्यच तेवढं."

तिला ते सोसवेना. "मामा, मागचा फोटो मी चुकीचा काढला. डोकं वाकडं राहिलं होतं."

मामानं मांडीवरचा गळपट्टा बाजूला ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे तेव्हा तो वाचला असता?"

"वाचला असता बहुतेक."

मामा आत गेला. हवालदार अजून गुंगीतच होता. त्याला उचलायला तो वाकला, तशी सवयीनं भाचीही पुढं झाली.

"राहू दे," मामा म्हणाला. "डोकं मी धरतो."