मोटारीचं दावं

या सौद्यात भैयाजींना सातशे पंधरा रुपये सुटायचे होते. गाडीची खरेदी चौदाशे, दोन टायर आणि पेट्रोल मिळून साठ, सोनाराचं व्याज पंचवीस. एकूण चौदाशे पंच्याऐंशी. नागपूरच्या एका मँगनीज ठेकेदाराने बावीसशे कबूल केले होते. भैयाजींनी वजाबाकी तीनदा केली, तीनही वेळा उत्तर तेच आलं, आणि शहाण्या माणसाला बुडायला एवढा आधार पुरतो.

सोनाराचं व्याज हा आकडा दिसायला लहान. त्याच्याखाली भैयाजींच्या बायकोच्या, गोकुळाच्या, दोन पाटल्या दबल्या होत्या. चौदाशेतले नऊशे भैयाजींचे, पाचशे त्या पाटल्यांवर उचललेले. अक्षय तृतीयेला पाटल्या परत हातात घालीन, असं त्यांनी सांगितलं, आणि गोकुळा ‘बरं’ म्हणाली. अकरा वर्षांच्या संसारात ती बहुतेक वेळा बरंच म्हणत आली होती.

भैयाजी वरोऱ्याला जुन्या मोटारींचा व्यवहार करत. एक्कावन्न साली मालगुजाऱ्या, म्हणजे गावांच्या जमीनदाऱ्या, गेल्या आणि गावोगावी मांडवाखाली झाकलेल्या मोटारी बाहेर निघाल्या. गाव गेलं, सारा गेला, पेट्रोल मात्र पहिल्याइतकंच लागायचं. दोन-तीन वर्षांत भैयाजींनी सत्तावीस मोटारी इकडच्या तिकडे केल्या. मँगनीजला तेव्हा भाव होता आणि ठेकेदारांना मालगुजाराच्या मोटारीत बसून मिरवायची हौस होती. चोपन्न उजाडेपर्यंत मँगनीज घसरलं. ठेकेदार चौकशा जास्त आणि सौदे कमी करू लागले. मालगुजार मात्र विकतच राहिले. सगळेच विकायला बसले की मोटारीची मेथी होते. सकाळी जुडीने जाते, संध्याकाळी वाट्याने.

हे भैयाजींना कळत नव्हतं असं नाही. पण ही गाडी वेगळी होती. नागभीडपासून तीन कोसांवरच्या गावचे मालगुजार गुणवंतराव यांनी ती सत्तेचाळीस साली विलायतेला परत जाणाऱ्या एका जंगलसाहेबाकडून घेतली होती. बाटलीच्या हिरव्या रंगाची, लांब नाकाची, तारांच्या चाकांची, दोनच सीटांची स्पोर्ट मोटर. टप खाली केला की वर नुसतं आभाळ. भाव करताना भैयाजी पहिल्यांदाच मालाकडे पाठ करून बसले, चेहऱ्यावरची हौस विकणाऱ्याला दिसू नये म्हणून.

सौदा झाला. गुणवंतरावांनी चावी दिली, कागद दिले, जॅक दिला. निघताना त्यांच्या पत्नीने, रुखमाबाईंनी, पुढे येऊन गाडीच्या नाकात लोखंडी हँडल घालून ते मारलं. गाडी सुरू झाली. बाईंनी हँडल बाहेर ओढलं, पदराने पुसलं आणि ते घेऊन घरात गेल्या.

भैयाजींनी ते पाहिलं. ते शेतकऱ्याच्याच पोटचे. बैल विकला की दावं विकणाऱ्याच्या घरी राहतं. घरची लक्ष्मी त्या दाव्याला धरून मागे राहते म्हणतात. घेणाऱ्याने आपलं दावं आणावं. भैयाजी मनात हसले आणि हँडलची किंमत पाच रुपये धरून मोकळे झाले. सगळ्या हिशेबात त्यांनी चुकीचा धरलेला आकडा तेवढा एकच.

कारण गाडीचा सेल्फ स्टार्टर कधीच जळाला होता. नवा मुंबईहून मागवायचा तर दोन महिने. दुसऱ्या मोटारींची हँडलं हिच्या नाकात जाईनात. हिच्या दातांची ठेवणच निराळी. तेव्हा वरोऱ्याच्या अंगणात, उताराकडे तोंड करून गाडी उभी राहायची आणि मागून गोकुळा धक्का द्यायची. सत्तावीसपैकी कितीतरी मोटारी तिने अशाच सुरू करून दिल्या होत्या. बसली एकीतही नव्हती. गिऱ्हाईक पांढऱ्या धोतराने यायचं, सीट मळता कामा नये, हा भैयाजींचा नियम होता.

ठेकेदाराला गाडी जावयाला द्यायची होती. धक्क्याचं ऐकून त्याने विचारलं, जावयाने मांडवापुढे उतरून मोटर ढकलायची की काय? सोमवारी सूर्य मावळायच्या आत हँडलसकट गाडी आणा, नाहीतर दुसऱ्या एका जमीनदाराची मोटर मंगळवारी सकाळी दारात येते आहे, ती घेतो.

म्हणून रविवारी संध्याकाळी भैयाजी पुन्हा गुणवंतरावांच्या दारात. त्यांनी गाडी चौघांकडून ढकलून देवळाच्या उतारावर चढवून ठेवली होती. सोमवारी उजाडताच बोलणी सुरू झाली. भैयाजींनी दहा रुपये काढले, मग पंचवीस, मग चाळीस. गुणवंतराव सुपारी कातरत राहिले.

“मले काऊन दाखवता पैसे?” ते म्हणाले. “मोटर माझी होती. हँडल तिचं आहे.”

ते खरं होतं. गाडी आली त्याच वर्षी हँडलने उलटा झटका दिला आणि गुणवंतरावांचं मनगट मोडलं. तेव्हापासून सात वर्षं हँडल मारलं रुखमाबाईंनी. अंगठा दांड्याभोवती आवळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, आणि खालून वर ओढायचं. झटका आला तर हात आपोआप सुटतो. गाडी सुरू व्हायची, गुणवंतराव बसलेलेच असायचे, आणि डाव्या सीटवर कधी तहसीलदार, कधी बंदूक, कधी शिकारी कुत्रा. धूळ खाली बसेपर्यंत बाई फाटकाशी उभ्या राहायच्या. कुत्र्याने ब्रह्मपुरी पाहिली होती, बाईंनी नाही.

रुखमाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, हाडापेराने मजबूत.

“भाऊ, बैल विकला त कोणी दावं देते का?”

“बाई, हा बैल नाई जी. मोटर आहे.”

“मंग चालू द्या ना तिले तिच्या मनानं. काल चौघं जण ढकलून काऊन राह्यले होते?”

भैयाजी हरले. हरलेला दलाल दुसरी वाट काढतो. नागभीडला इतवारी नावाचा लोहार होता, नमुना पुढे असला की तो जसंच्या तसं घडवायचा. भैयाजी म्हणाले, दावं तुमचंच राहू द्या, मला फक्त त्याची नक्कल करून घेऊ द्या.

बाईंना ते पटलं. पण हँडल परक्या हाती जाणार नाही, त्या स्वतः घेऊन येतील.

“मी येतो संगं,” त्या म्हणाल्या, आणि एवढं बोलून त्यांनी गाडीकडे पाहिलं.

आता सीटा दोन. एक बाईंची. दुसरीवर भैयाजी बसले तर मालगुजाराची बायको परक्या दलालाशेजारी उघड्या मोटारीतून गेली म्हणून तीन कोसांतली चार गावं वर्षभर चघळतील. बैलगाडीने जावं तर अर्धा दिवस जाण्यात आणि अर्धा येण्यात. भैयाजींनी सगळ्या बाजूंनी भागाकार करून पाहिला. शेवटी चावी काढून गुणवंतरावांच्या हातावर ठेवली. अर्धा तास जायला, दोन तास लोहाराकडे, अर्धा तास यायला. जेवणवेळेच्या आत परत. नागपूर साठ मैल. दिवसाउजेडी पोचता येत होतं. पोचायलाच हवं होतं, कारण गाडीचा एक दिवा मेलेला.

गुणवंतरावांनी आतून खाकी कोट घालून येण्यात बराच वेळ घेतला. रुखमाबाईंनी हँडल मारलं. या वेळी त्या फाटकाकडे गेल्या नाहीत. गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आल्या, दार कसं उघडतं ते त्यांना ठाऊक नव्हतं, ते गुणवंतरावांनी आतून उघडलं. बाई हँडल मांडीवर घेऊन ताठ बसल्या, पाटावर बसतात तशा.

भैयाजी ओसरीवर बसले. दहा वाजले, अकरा वाजले. बारा वाजता घरी कामाला असलेल्या बुधरीने भात आणि जवसाची चटणी वाढली. तीन वाजता ते शिवेपर्यंत चालत जाऊन आले. कापणीनंतर मोकळ्या पडलेल्या धानाच्या बांध्यांवरून गरम वारा येत होता. त्यात इंजिनाचा आवाज येतो असं त्यांना दोनदा वाटलं, दोन्ही वेळा नव्हता. चार वाजता त्यांनी नागपूरचा नाद सोडून दिला. त्यानंतर मात्र एक चमत्कारिक गोष्ट झाली. ते गाडीची वाट पाहायचे थांबले आणि ती कुठे असेल याचा विचार करू लागले. इतक्या मोटारी त्यांनी चालवल्या, पण दर वेळी कुठून तरी आणायला किंवा कुणाला तरी पोचवायला. सहज म्हणून एक मैलही नाही.

दिवस मावळताना गाडी आली. रुखमाबाईंच्या भुवयांपर्यंत धूळ, डोक्यावरून पदर आवळून बांधलेला, लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत ओला, मांडीवर दोन हँडलं आणि पळसाच्या पानांत बांधलेली मासळी. लोहाराचं काम दहा वाजताच आटोपलं होतं. मग बाईंनी विचारलं होतं, हा रस्ता पुढं कुठी जाते? गुणवंतराव म्हणाले, तळ्यावर. तळ्यावरून पुढे तळोधी, तिथून आणखी पुढे.

गुणवंतरावांनी गाडी बंद केली.

“रस्ता बरा होता,” एवढंच ते भैयाजींना म्हणाले, तेही नजर चुकवून.

भैयाजींच्या जिभेवर बरंच काही तयार होतं. पण गाडी बंद झाली तरी बाई उतरल्या नव्हत्या. समोरच्या काचेतून पाहत बसल्या होत्या; समोर काय, तर त्यांचाच गोठा. खाली उतरल्यावर त्यांनी नवं हँडल भैयाजींच्या हाती दिलं आणि विचारलं, “भाऊ, जेवले ना तुम्ही?”

भैयाजी म्हणाले, “हो जी.”

मंगळवारी दुपारी ते नागपूरला पोचले तेव्हा ठेकेदाराच्या मांडवात दुसरी मोटर उभी होती आणि तिच्या चाकाखाली लिंबंही फुटली होती. दुसऱ्या एका ठेकेदाराने पंधराशे म्हटलं. भाव चढेल म्हणून भैयाजी थांबले. आठवड्याने तोच साडेतेराशे म्हणाला. दोन संस्थानी मोटारी त्याच आठवड्यात रेल्वेने येऊन उतरल्या होत्या.

वरोऱ्याला परतल्यावर भैयाजींनी गोकुळाला सगळं सांगितलं. भावाचं, लोहाराचं, तळ्याचं. एक-दोन दिवसांनी भाकरी थापताना तिने विचारलं, बाई डाव्या अंगाला बसल्या होत्या का. आणखी एक दिवस गेला.

“तिच्यात पाय लांब करून बसा लागते का जी?”

“लांबच करा लागते. पलंगावानी.”

“अन् वारा?”

“वारा त लय लागते.” मग भैयाजी म्हणाले, “चाल, उद्या नेतो तुले. नदीपर्यंत जाऊन येऊ.”

गोकुळाने भाकरी उलटली. “सीट मळन,” ती म्हणाली.

नियम भैयाजींचाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्धा नदीपलीकडून, कोरपन्याचा कापसाचा दलाल आला. धोतर पांढरं होतंच. अक्षय तृतीया चार दिवसांवर होती. बाराशेपासून सुरू झालेलं बोलणं साडेबाराशेला थांबलं, आणि त्याला गाडी आजच हवी होती. भैयाजींनी चालवत कोरपन्याला पोचवून द्यायची. पैसे मोजायच्या आधीच तो डाव्या सीटवर बसला, पाय लांब करून.

गोकुळाने नवं हँडल गाडीच्या नाकात घातलं. अंगठा बोटांच्या बाजूला ठेवला. हे तिला भैयाजींनीच, रुखमाबाईंचं म्हणून, सांगितलेलं. खालून वर ओढलं. दुसऱ्या ओढीला गाडी सुरू झाली. तिने हँडल बाहेर काढलं आणि सीटमागे ठेवायला आली नाही. पदरात गुंडाळून उभी राहिली.

कोरपन्याचा माणूस कापूसवाला असला तरी त्याच्या घरी सहा बैल होते. त्याला समजायला वेळ लागला नाही.

“दावं ठेवता काय, बाई? ठेवा. पन मी वीस रुपये कमी देईन. मले लोहार पाहा लागन.”

भैयाजींनी गोकुळाकडे पाहिलं. इंजिन चालू होतं, पेट्रोल जळत होतं, आणि त्यांना घाई असायला हवी होती.

“धरा वीस कमी,” ते म्हणाले.

संध्याकाळी बसने परत आल्यावर त्यांनी वही काढली. आवक बाराशे तीस. खर्च आधीचा चौदाशे पंच्याऐंशी, इतवारी लोहाराचे सहा, तळ्यापलीकडे जाऊन आलेल्या पेट्रोलचे नऊ, पंधराशे. तूट दोनशे सत्तर. गुणवंतरावांना चौदाशे रुपये आणि एक दिवस मिळाला. रुखमाबाईंना एक दिवस मिळाला, शिवाय दावंही घरीच राहिलं. सोनाराने अडीचशेत एक पाटली वळती करून घेतली, म्हणजे तुटीतले अडीचशे गोकुळाने भरले. उरलेले वीस भैयाजींनी खिशातून भरले. दुसरी पाटली अक्षय तृतीयेला सुटली. गोकुळाने ती हातात घातली नाही, जोडीशिवाय पाटली घालत नाहीत. घरामागच्या गोठ्यात, दावं टांगायच्या खुंटीला, हँडलाशेजारी, तिने ती अडकवून ठेवली, आणि अंगण उताराचंच होतं, पुढच्या मोटारीला धक्का तिनेच द्यायचा होता.