रतनगडाची शिडी

ओमचा पाय शिडीवरून हलत नव्हता. दिशा त्याच्या खालीच उभी होती; त्याच्या बुटाची टाच तिच्या कपाळासमोर होती. धुक्यात गडाचा दरवाजा दिसत नव्हता आणि खालची पायवाटही नाही. वारा कड्यावर आदळला की लोखंडी शिडी कुरकुरायची.

तो दम घेत असेल, असं तिला वाटलं. थोडं थांबून तिने काय झालं म्हणून विचारलं. मग तिचं लक्ष त्याच्या पोटऱ्यांकडे गेलं. त्या थरथरत होत्या, आणि ती थरथर शिडीतून तिच्या तळहातांपर्यंत पोचत होती.

बेलापूरला माहेरी तिला बघायला आला तेव्हा ओमने मोबाईलवर डोंगरांचे फोटो दाखवले होते. पावसाच्या तोंडावरचे काजवे, भर पावसातले धबधबे, थंडीतले तंबू. आपण बाराही महिने भंडारदऱ्याकडेच असतो, असं तो सांगत होता. दिशाला तो तेव्हाच आवडला. आजही केडगावच्या घरून निघाल्यापासून तो तिला शिडी कशी चढायची ते समजावत आला होता.

"माझ्याने होणार नाही," तो वरून म्हणाला.

"मग उतरू या. पाय खाली टाका."

"खाली बघवत नाही. दिशा, मी इथून वर कधी गेलोच नाही. पोरं वर जायची, मी खाली थांबायचो."

रागवायला वेळच मिळाला नाही. त्याचा एक हात निसटला, त्याने कसाबसा गज पुन्हा धरला. तिच्या तोंडावर गंजाचं पाणी पडलं. तो पडला तर तिला घेऊनच पडणार होता. आपण एकटी उतरू शकतो, हे तिला स्वच्छ कळलं. ती एक पायरी उतरलीही. तिथेच तिचे पाय थांबले, आणि ती परत वर चढली.

"ओम, डोळे मीट," ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने त्याला नावाने हाक मारली. "पाय सोड. मी धरलाय."

बऱ्याच वेळाने त्याने पाय सैल सोडला. तिने घोटा धरून तो खालच्या पायरीवर टेकवला, मग दुसरा. मग ती स्वतः एक पायरी उतरली, आणि पुन्हा त्याचा पाय. आपल्या पायाखाली काय आहे, हे तिला कुणी सांगणारं नव्हतं; ती चाचपडत पायरी शोधायची, सापडेपर्यंत श्वास रोखून धरायची.

जमिनीवर आल्यावर तो गुडघ्यांत डोकं घालून बसला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पायथ्याच्या रतनवाडीपर्यंत तो तिच्या मागोमाग चालत आला. तिला ते चाललं. फोटोतल्या माणसापेक्षा हा माणूस तिला जवळचा वाटत होता.

राजूरच्या अलीकडे रेंज आली आणि सासूबाईंचा फोन वाजला. ओमने गाडी चालवतच स्पीकर लावला.

"दिशा शिडीवर अडकली होती, आई. हातपायच गळाले तिचे. मीच पाय धरून खाली आणलं."

तिला डोळे मिटायला कसं सांगितलं, घोटा कसा धरला, वारा कसा होता, सगळं त्याने सांगितलं. सगळं तसंच घडलं होतं, फक्त माणसांची अदलाबदल झाली होती. सांगताना तो कुठे अडखळला नाही.

"लई भ्याली हुतीस व्हय गं?" सासूबाईंनी मायेने विचारलं.

दिशाने त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा अगदी शांत होता.

"हो," ती म्हणाली. "अजून भीती वाटतेय."

ओम हसला, आणि तिच्यासाठी म्हणून गाडी जरा हळू चालवू लागला.